बाटलीवर नाव एकीचं, गल्ला दुसऱ्याचा

बंगळुरूच्या मेट्रोत हिरव्या मार्गावर यशवंतपूर मागे पडलं की पुढच्या स्थानकाची घोषणा होते, ‘सॅन्डल सोप फॅक्टरी’. ना राजाचं नाव, ना पुढाऱ्याचं, ना देवाचं. स्थानकाला चक्क साबणाच्या कारखान्याचं नाव! राजाजीनगरातल्या या कारखान्यात १९५७ सालापासून म्हैसूर सॅन्डल साबण तयार होतो आहे. मेट्रो आली २०१४ साली. तेव्हा पत्ता सांगायला याहून सोपी खूण दुसरी कुठली असणार?

आता याच शहरातल्या एखाद्या बड्या मॉलमध्ये शिरा. दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा सामोरे येतात परफ्यूमचे काउंटर. नटलेल्या विक्रेत्या कागदाची पट्टी नाकापुढे धरतात. बाटल्यांवरची नावं जरा नीट वाचा. शनेल, डिऑर, अरमानी, केल्विन क्लाइन, राल्फ लॉरेन. यातलं एकही नाव अत्तरवाल्याचं नाही. सगळे शिंपी! म्हणजे आजच्या भाषेत फॅशन डिझायनर. आयुष्यभर कापड कापलं, टाके घातले आणि घराघरांत नाव पोचलं ते वासामुळे.

असं का व्हावं? हिशेब साधा आहे. पॅरिसच्या डिझायनरनं स्वतः बेतलेला, मापानं शिवलेला ड्रेस जगात किती जणींना परवडणार? हजार-दोन हजार श्रीमंत बायकांना. तो शिवायला शंभर हात लागतात, आठवडेच्या आठवडे जातात आणि पदरात बऱ्याचदा तोटाच पडतो. बाटलीचं तसं नाही. ती एका मापात सगळ्यांना होते. जिला त्या डिझायनरच्या दुकानाच्या पायरीवर चढायचीही हिंमत होणार नाही, ती टायपिस्ट किंवा मास्तरीण पगाराच्या दिवशी त्याच्या नावाची छोटीशी बाटली मात्र घेऊ शकते. कपडे नाव कमावतात आणि बाटली पैसा कमावते, अशी ही वाटणी आहे.

पण हा पैसा कुणाच्या खिशात जातो? नाव ज्याचं, त्याच्याच खिशात जात असेल असं आपण धरून चालतो. तिथंच आपण फसतो. गॅब्रिएल शनेल नावाची बाई या एका प्रश्नासाठी वीसेक वर्षं कोर्टकचेऱ्या करत होती.

अनाथाश्रमातली शिलाई

गॅब्रिएलचा जन्म १९ ऑगस्ट १८८३ चा, फ्रान्समधल्या सोमूर गावच्या धर्मादाय रुग्णालयातला. बाप फेरीवाला. जत्रा-बाजारांतून किडुकमिडुक विकत हिंडायचा. १८९५ मध्ये आई वारली. बापानं मुलींना ओबाझिन गावच्या मठातल्या अनाथाश्रमात नेऊन सोडलं आणि तो निघून गेला. पुढे मोठी झाल्यावर ही बाई आपल्या बालपणाबद्दल सतरा गोष्टी रचून सांगायची. अनाथाश्रम हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. पण शिवणकाम ती शिकली ते तिथंच, नन्सच्या देखरेखीखाली.

आश्रमातून बाहेर पडल्यावर दिवसा शिलाई आणि संध्याकाळी मुलां गावच्या एका कॅफेत गाणी, असा तिचा क्रम होता. ‘कोको’ हे टोपणनाव त्या गाण्यांवरून पडलं असं सांगतात. आवाज बेताचाच होता, पण चेहऱ्यावर तेज होतं. एतिएन बाल्साँ या घोड्यांच्या शौकीन श्रीमंताच्या वाड्यावर ती राहायला गेली आणि तिथंच तिला आर्थर कॅपेल हा इंग्रज भेटला. सगळे त्याला ‘बॉय’ म्हणत. कोकोनं जन्मभर ज्याच्यावर जीव लावला तो हाच. त्याच्या पैशावर १९१० मध्ये तिनं पॅरिसच्या कांबाँ रस्त्यावर टोप्यांचं दुकान थाटलं. १९१३ मध्ये दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुसरं, १९१५ मध्ये बिआरित्झला तिसरं. कॅपेलची पै न् पै तिनं परत केली.

तिचं डोकं चाललं ते नेमकं कुठं, हे पाहण्यासारखं आहे. त्या काळच्या बड्या घरच्या बायका करकचून आवळलेल्या कॉर्सेटमध्ये धड श्वासही घेऊ शकत नसत. पहिलं महायुद्ध आलं, पुरुष आघाडीवर गेले, बायकांना चालावं-धावावं लागू लागलं. कोकोनं जर्सीचं मऊ विणलेलं कापड उचललं. तोवर ते पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरत! त्या स्वस्त कापडाचे तिनं सुटसुटीत, खिसे असलेले झगे आणि कोट शिवले आणि श्रीमंत बायकांनी ते रांगा लावून घेतले. काळा रंग तोवर सुतकाचा. १९२६ साली तिनं साधा काळा आखूड ड्रेस आणला आणि काळा रंग रात्रीच्या मेजवानीला शोभू लागला.

मधल्या काळात, डिसेंबर १९१९ मध्ये, बॉय कॅपेल मोटार अपघातात गेला. त्यानंतरच्या दीड वर्षात कोकोनं जे केलं त्यानं तिचं नाव अजरामरही केलं आणि तिच्या हातातून काढूनही घेतलं.

पाचवी शिशी

अत्तर आपल्या नावाचं असावं, असं तिच्या मनात आलं. डिझायनरनं अत्तर काढायची ही पहिली वेळ नव्हती. पॉल प्वारे या तेव्हाच्या पॅरिसमधल्या नामांकित फॅशनवाल्यानं १९११ मध्येच अत्तरं बाजारात आणली होती. पण त्यानं त्यांना नाव दिलं आपल्या लेकीचं, ‘रोझीन’. बापाचं प्रेम म्हणून ते गोडच! धंद्याच्या दृष्टीनं मात्र घोटाळा झाला. कपडे प्वारेचे आणि अत्तर रोझीनचं, गिऱ्हाइकाला दोन्हींचा मेळ कसा लागायचा? हाच प्वारे १९४४ मध्ये अगदी कफल्लक अवस्थेत वारला.

कोकोनं ती चूक केली नाही. रशियन राजघराण्यातला ग्रँड ड्यूक दिमित्री तेव्हा तिच्या सहवासात होता. रास्पुतिनच्या खुनात सामील असलेला तोच हा दिमित्री. त्याच्यामार्फत तिची ओळख झाली अर्नेस्ट बो या अत्तरकाराशी. बो मॉस्कोत जन्मलेला आणि रशियन दरबाराला अत्तरं पुरवणाऱ्या रॅले कंपनीत तयार झालेला. क्रांतीनंतर तो फ्रान्सला आला होता. त्यानं कोकोपुढे दहा नमुने ठेवले. एक ते पाच आणि वीस ते चोवीस असे त्यांचे आकडे. तिनं पाचवी शिशी उचलली. आकडा तिला शुभ वाटायचा, म्हणून नावही तेच राहू दिलं.

या पाचव्या शिशीत नवं काय होतं? ग्रासची जाई, मे महिन्यातला गुलाब, यलांग यलांग, ही फुलं इतरही वापरत. बोनं त्यात अल्डिहाइड नावाची प्रयोगशाळेत तयार झालेली द्रव्यं सढळ हातानं घातली. वरणभातावर लिंबू पिळलं की वरणाची चव उठून दिसते ना, तसं काहीसं. वास एका फुलाचा राहिला नाही. नाकाला ओळख पटेना आणि म्हणूनच तो नाकातून जाईना. दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोल्यांत तिनं तो शिंपडून ठेवला होता, बायका येऊन विचारत कशाचा वास आहे हा, असं सांगतात. बाटलीही अगदी साधी, चौकोनी. पांढरी चिठ्ठी, त्यावर काळी अक्षरं. १९२१ साली शनेल नंबर फाइव्ह बाजारात आलं.

बाजारात म्हणजे तिच्या दुकानात. सगळ्या जगात ते पोचवायचं तर कारखाना हवा, भांडवल हवं. पॅरिसच्या गॅलरीज लाफायेत या प्रचंड दुकानाचा मालक तेओफिल बादेर यानं तिची गाठ पिएर आणि पॉल व्हेर्टहायमर या भावांशी घालून दिली. बूर्जवा ही सौंदर्यप्रसाधनांची मोठी कंपनी त्यांची. १९२४ मध्ये ‘पार्फ्युम शनेल’ ही नवी कंपनी निघाली. वाटणी अशी: व्हेर्टहायमर भावांना सत्तर टक्के, ओळख करून दिल्याबद्दल बादेरला वीस टक्के, आणि जिचं नाव तिला दहा टक्के!

कोकोसारख्या व्यवहारी बाईनं सही केलीच कशी? तिला धास्ती होती ती आपल्या कपड्यांच्या धंद्याची. तिथं कुणी नाक खुपसू नये, कांबाँ रस्त्यावरचं राज्य आपलंच राहावं, अत्तराचं तुमचं तुम्ही बघा, असा तिचा हिशेब. व्हेर्टहायमरांच्या बाजूनंही बोलायला हवं. कारखाना त्यांचा, पैसा त्यांचा, अमेरिकेपर्यंतची दुकानदारी त्यांची. त्यांच्याशिवाय ही बाटली कांबाँ रस्त्याबाहेर कितपत गेली असती, कुणास ठाऊक. पण अत्तर धो धो खपू लागलं तेव्हा दहा टक्क्यांचा आकडा कोकोला सलू लागला. तिनं वकील केला, दावे लावले. व्हेर्टहायमरांनाही फक्त तिच्यासाठी म्हणून एक वकील ठेवावा लागला.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि या कथेतला सगळ्यात ओंगळ भाग सुरू झाला. व्हेर्टहायमर कुटुंब ज्यू. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कला निसटले. कोकोनं दुकान बंद केलेलं होतं. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ती रिट्झ हॉटेलात राहत होती, एका जर्मन अधिकाऱ्याच्या सोबतीनं. ज्यूंची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा आला होता. मे १९४१ मध्ये तिनं अधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की पार्फ्युम शनेल ही ज्यूंची मालमत्ता आहे, ती सोडून गेलेली आहे, तेव्हा ती मला मिळावी. हक्काचं भांडण होतं खरं. पण ज्यांच्या जिवावर बेतलेलं आहे त्यांच्याविरुद्ध असं हत्यार उचलणं याला कुठलीही सबब पुरी पडत नाही. आजच्या चकचकीत जाहिरातींत हा भाग अर्थातच कुठं दिसत नाही.

अर्ज फेटाळला गेला. व्हेर्टहायमर तिच्याहून सावध निघाले. देश सोडण्यापूर्वीच त्यांनी कंपनी फेलिक्स आमिओ या विमानं बनवणाऱ्या ख्रिश्चन उद्योगपतीच्या नावे करून ठेवली होती. एवढंच काय, आपला माणूस ग्रासला पाठवून जाईचा अर्कही अमेरिकेला आणवला आणि तिकडे नंबर फाइव्ह तयार करत राहिले. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन शिपाई घरी न्यायला एक बाटली म्हणून कांबाँ रस्त्यावर रांगा लावून उभे होते. आमिओनंही कंपनी मूळ मालकांना परत केली.

तरी बाई थकली नाही. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःची वेगळी अत्तरं करून घेतली आणि ‘मादमोआझेल शनेल’ नावानं विकायची धमकी दिली. नाव तर माझंच ना? दोघांनाही कळून चुकलं, की असं भांडत राहिलो तर बाटलीची अब्रू जाईल. १९४७ मध्ये तडजोड झाली. युद्धकाळातल्या नफ्याचा हिस्सा तर मिळालाच, शिवाय जगभरातल्या विक्रीवर दोन टक्के. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्यावर ती जगातल्या अतिश्रीमंत बायकांत जाऊन बसली.

१९५४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तिनं कपड्यांचं दुकान पुन्हा उघडलं. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी पहिल्या प्रदर्शनाची टर उडवली. तेव्हा पैसा कुणी लावला? पिएर व्हेर्टहायमरनं! कपड्यांचा धंदाही त्याच्याच मालकीचा झाला, तिचा सगळा खर्च त्यानं उचलला. म्हणजे १९२४ मध्ये जे राज्य वाचवण्यासाठी तिनं अत्तर दिलं होतं, तेही अखेर गेलं. १० जानेवारी १९७१ रोजी रिट्झमधल्या खोलीत ती वारली. आज शनेल कंपनी सगळीच्या सगळी व्हेर्टहायमरांच्या मालकीची आहे. अलॅ आणि जेरार हे पिएरचे नातू. त्यांचे फोटोही क्वचितच दिसतात. दिसतं ते फक्त नाव, आणि तेही दुसरीचं.

कोकोला निदान दोन टक्के तरी मिळाले. अमेरिकेतल्या हॅल्स्टनचं याहून वाईट झालं. जॅकलिन केनेडीनं १९६१ च्या शपथविधीला घातलेली डबीसारखी टोपी ज्याची, तोच हा. १९७३ मध्ये त्यानं धंदा आणि नाव नॉर्टन सायमन कंपनीला विकलं. १९७५ मध्ये ‘हॅल्स्टन’ परफ्यूम आलं. एल्सा पेरेत्तीनं घडवलेली ती बाकदार बाटली धडाक्यानं खपली. पुढे कंपनी एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. १९८४ मध्ये हॅल्स्टनला त्याच्याच कचेरीतून बाहेर काढलं. आपल्या नावानं कपडे शिवायचा हक्कही त्याला उरला नाही. १९९० मध्ये तो गेला. परफ्यूम मात्र त्याच्या मागेही विकलं जात राहिलं.

तळाशी चंदन

आता बाटलीच्या तळाशी जाऊ. कुठलंही अत्तर लावलं की पहिल्या काही मिनिटांत जो वास येतो तो लवकर उडतो. मग फुलं जागी होतात. रात्री झोपताना कपड्याला जो वास उरतो तो तळाचा. हा तळ जड असावा लागतो, कारण वरच्या चंचल वासांना तोच धरून ठेवतो. कनोजचे अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या देगेतून निघालेली गुलाबाची, मोगऱ्याची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात ती याचसाठी. नंबर फाइव्हच्या तळाशीही चंदन आहे. १९२६ मध्ये अर्नेस्ट बोनं शनेलसाठी ‘बुआ दे झील’ हे अत्तर केलं, ते तर चंदनावरच बेतलेलं. आणि चंदन म्हटलं की जगातले अत्तरवाले पहिलं नाव घेत ते म्हैसूरचं.

म्हैसूरला या झाडाची किंमत फार आधीपासून ठाऊक होती. टिपू सुलताननं १७९२ मध्येच चंदनाला राजवृक्ष ठरवून टाकलं. झाड कुणाच्याही अंगणात उगवो, मालक सरकार! पहिल्या महायुद्धापर्यंत चंदनाची खोडं लिलावात विकली जात आणि तेल निघे युरोपात, मुख्यतः जर्मनीत. लाकूड आपलं, तेल त्यांचं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि गिऱ्हाईकच तुटलं. संस्थानच्या तिजोरीला मोठा फटका बसला.

तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात इंजिनियरिंग शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारं बसवणारे तेच विश्वेश्वरय्या. लाकूड विकत बसण्याऐवजी तेल आपणच काढू, असं ठरलं. उद्योग खात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटरटन यांनी पुढाकार घेतला. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी तेल काढण्याची रीत बसवली. १९१६ मध्ये बंगळुरूत चंदनतेलाचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी म्हैसूरलाही. पॅरिसमध्ये पाचवी शिशी उघडायला अजून पाच वर्षं होती.

साबणाची कथा त्यानंतरची. महाराज कृष्णराज वडियार यांना कुणा परदेशी पाहुण्यांनी म्हैसूरच्याच चंदनतेलाचे साबण भेट दिले. आपल्या तेलाचा साबण परक्यांनी करून आपल्यालाच द्यावा? सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनतज्ज्ञाला साबणविद्या शिकायला इंग्लंडला धाडण्यात आलं. ते शिकून आले आणि १९१८ मध्ये म्हैसूर सॅन्डल साबण तयार झाला. लंबगोल वडी, दागिन्याच्या डबीसारखं खोकं, त्यावर सिंहाचं धड आणि हत्तीचं तोंड असलेला शरभ. कराचीत या साबणाच्या जाहिरातीसाठी उंटांची मिरवणूक काढली होती, असं सांगतात.

यात एक गमतीची गोष्ट आहे. साबण बनतो बंगळुरूत आणि नाव म्हैसूरचं, कारण तेव्हा संस्थानच म्हैसूर होतं. १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं, तरी वडीवरचं नाव हललं नाही. आणि शास्त्रींचं नाव? ते खोक्यावर कधीच आलं नाही. लोकांनी कौतुकानं त्यांना ‘सोप शास्त्री’ म्हणायला सुरुवात केली, तेवढीच त्यांची रॉयल्टी! अर्नेस्ट बोचं नाव तरी नंबर फाइव्हच्या बाटलीवर कुठं आहे? वास ज्याच्या नाकातून जन्मला त्याचं नाव झाकलेलं राहतं, पॅरिस असो की बंगळुरू. ‘चंदनासारखं झिजणं’ म्हणतात ते हेच असावं. आपल्याकडे एक बरं झालं, की साबणाचा नफा कुणा एका घराण्यात गेला नाही. १९८० मध्ये कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स ही सरकारी कंपनी झाली. तिची वर्षाची उलाढाल आता दीड हजार कोटींच्या वर गेली आहे.

पण झाडाचं काय? सरकारी मालकीच्या हट्टानं व्हायचं ते झालं. चंदन परसात उगवलं की माणसं रोपटंच उपटून टाकत. उगाच चौकशीचा ससेमिरा कोण लावून घेणार? जंगलातलं चंदन चोरांनी नेलं. वीरप्पन हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, तो २००४ मध्ये मारला गेला. पण चोर एकटा तोच नव्हता. २००१ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलला आणि स्वतःच्या जमिनीतल्या चंदनाचा मालक अखेर शेतकरी झाला. तोवर ऑस्ट्रेलियात आपल्याच जातीच्या चंदनाची शेकडो एकर लागवड उभी राहिली होती. युरोपच्या प्रयोगशाळांनी चंदनासारखा वास देणारी कृत्रिम द्रव्यं काढली होती. उशिरा का होईना, ‘म्हैसूर सॅन्डलवुड ऑइल’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते नाव कुणी कुठल्याही तेलाला लावू नये, याची तजवीज झाली.

नावाची किंमत काय असते, ते या कंपनीनं मे २०२५ मध्ये पुन्हा अनुभवलं. साबणाच्या प्रचारासाठी तमन्ना भाटिया या अभिनेत्रीशी दोन वर्षांचा करार झाला, ६ कोटी २० लाखांचा. कानडी साबणाला कानडी चेहरा मिळाला नाही का, म्हणून बंगळुरूत गदारोळ उठला. राज्याबाहेरचा बाजार काबीज करायचा आहे, असा खुलासा उद्योगमंत्र्यांना करावा लागला. शास्त्रींना हे कळतं तर ते काय म्हणाले असते?

आता पाळी आपली

हे सगळं पॅरिस-न्यूयॉर्कचं म्हणून सोडून देण्यासारखं उरलेलं नाही. आपल्याकडेही डिझायनरांची नावं विकली जाऊ लागली आहेत. रितू कुमार यांनी साठच्या दशकात कोलकात्याजवळ ठशांच्या छपाईपासून सुरुवात केली होती. ‘ट्री ऑफ लाइफ’ नावाचं परफ्यूमही त्यांनी आणलं. २०२१ मध्ये त्यांच्या कंपनीचा ५२ टक्के हिस्सा रिलायन्सनं घेतला. त्याच वर्षी मनीष मल्होत्राचा ४० टक्के हिस्सा तिकडेच गेला. लग्नाच्या शालू-घागऱ्यांसाठी नावाजलेल्या सब्यसाचीनं ५१ टक्के हिस्सा आदित्य बिर्ला समूहाला दिला, ३९८ कोटी रुपयांना. यात वाईट काहीच नाही. भांडवलाशिवाय दुकान वाढत नाही. आकडे मात्र पाहून ठेवावेत. पन्नासाच्या अलीकडे आणि पलीकडे यांत फार अंतर असतं.

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीचं केंद्र आहे. दरवर्षी तिथून मुलंमुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे पहिलं स्वप्न असतं ते आपल्या नावाच्या लेबलचं. पुण्या-नाशिकात, कोल्हापुरात घरच्या घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवून देणाऱ्या बायकाही आता पिशवीवर स्वतःचं नाव छापतात. अशा कुणी आपल्या ओळखीत असतील तर त्यांच्यासाठी थोडी माहिती.

ट्रेडमार्कच्या नोंदणीत माल आणि सेवांचे मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. कपडे येतात २५ व्या वर्गात. अत्तर, साबण, लिपस्टिक हे सगळं तिसऱ्या वर्गात. म्हणजे ‘अमुकतमुक’ या नावानं तुम्ही कपड्यांची नोंदणी केली, तरी तिसरा वर्ग मोकळाच राहतो. नाव गाजल्यावर दुसऱ्या कुणी त्याच नावाचं अत्तर काढलं तर पुढचं भांडण कोर्टात. आज साबण विकायचा विचार नसला, तरी दोन-चार वर्षांत तसा बेत असेल तर दोन्ही वर्गांत अर्ज केलेला बरा. एकट्या व्यक्तीनं किंवा लहान उद्योगानं ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला सरकारी फी साडेचार हजार रुपये पडते. वकिलाची फी वेगळी. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, बंगळुरूकरांचे चेन्नईला. आणि भागीदार आला, करारपत्र पुढ्यात ठेवलं, की नफ्याच्या टक्क्यांआधी एक कलम शोधायचं: उद्या फाटलं तर हे नाव कुणाकडे राहणार?